पडद्याला काडी लावण्याआधी

लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात २८ डिसेंबर १८८१ रोजी प्रेक्षकांना नाटकाच्या जोडीला आणखी एक प्रयोग पाहायला मिळाला. थिएटरचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट विजेचा पेटलेला दिवा हातात घेऊन रंगमंचावर आले. त्यांनी दिव्याभोवती तलम मलमल गुंडाळली आणि सगळ्यांच्या देखत काच फोडली. दिवा विझला. मलमल उलगडून दाखवली, तर तिच्यावर जळाल्याची खूण नव्हती. विजेवर उजळणारं थिएटर लोकांना अजून नवं होतं, त्यामुळे मालकाला ही जादूगारी करणं भागच होतं. पण त्या दुपारी प्रेक्षकांच्या मनात धाकधूक होती ती विजेपेक्षा आगीची, आणि तिला ताजं कारण होतं.

बरोबर वीस दिवसांपूर्वी, ८ डिसेंबरला, व्हिएन्नाचं रिंगथिएटर जळालं होतं. ओफेनबाखच्या ‘टेल्स ऑफ हॉफमन’चा खेळ सुरू व्हायचा होता. रंगमंचावरचे गॅसदिवे पेटायला वेळ लागला, तेवढ्यात साठलेल्या गॅसने भडका घेतला आणि वर टांगलेल्या झालरी पेटल्या. घाबरून कोणीतरी गॅस बंद केला आणि सगळं थिएटर अंधारात बुडालं. अशा वेळेसाठी तेलाचे दिवे होते, पण ते लावलेलेच नव्हते. दारं आत उघडणारी होती, आणि मागून माणसांचा लोंढा आल्यावर आत उघडणारं दार म्हणजे भिंतच. बाहेर पोलीस अधिकारी आर्चड्यूकला ‘सगळे वाचले’ असं सांगत होते, तेव्हा वरच्या गॅलऱ्यांत माणसं गुदमरून मरत होती. अधिकृत आकडा ३८४चा आहे.

त्यामुळे वीज आली की नाट्यगृह सुरक्षित होईल, असं तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. बावीस वर्षांनी शिकागोत तो समज राख झाला. इरोक्वॉय थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. जाहिरातीत त्याला ‘पूर्णपणे अग्निरोधक’ म्हटलं होतं. ३० डिसेंबर १९०३ची दुपार, नाताळची सुट्टी, ‘मिस्टर ब्लूबीअर्ड’चा खेळ आणि प्रेक्षकांत बहुतेक बायका-मुलं. दुसऱ्या अंकात विजेच्या आर्क दिव्याची ठिणगी शेजारच्या कापडावर पडली. कामगाराने विझवायला घेतलं ते नळकांड्यातली पावडर फेकून. ती तेवढ्या उंचीवर पोचेचना. विनोदी नट एडी फॉय अर्ध्या वेशात पुढे येऊन लोकांना बसून राहायला सांगत होता, वाद्यवृंदाला वाजवत राहायला सांगत होता. अॅस्बेस्टॉसचा सुरक्षा-पडदा खाली सोडला, तो वाटेत अडकला. रंगमंचावरच्या छताची धूर सोडणारी झडपं बंद होती. जीव वाचवायला नटमंडळींनी मागचं मोठं दार उघडलं, बाहेरची थंड हवा आत घुसली आणि आगीचा लोळ अडकलेल्या पडद्याखालून थेट बाल्कनीत गेला. ६०२ माणसं मेली. नंतर त्या पडद्याचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात लाकडाचा लगदा बराच आढळला.

हा सगळा खेळ उण्यापुऱ्या पंधरा मिनिटांचा.

व्हिएन्नात गॅस होता, शिकागोत वीज होती. ठिणगी कशाचीही असो, तिला पहिला घास मिळाला तो कापडाचाच. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ते कापड आहे: पडद्याचं, झालरीचं, विंगेचं, फ्लॅटवर ताणलेलं, नटीच्या घेरदार वेशाचं. त्याच्या बरोबरीने लाकूड, थर्माकोल, फोम, दोर आणि रंगही. नेपथ्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नेपथ्य दिसतं कसं, अर्थ काय सांगतं, पात्रांना कुठे उभं करतं, यावर परिसंवाद झाले आहेत. ते जळतं कसं, हा प्रश्न मात्र कायम अग्निशमन दलाकडे ढकलला गेला. नेपथ्यकाराने कापड निवडताना त्याचा पोत पाहावा, चुण्या पाहाव्यात, त्यावर उजेड कसा खेळतो ते पाहावं, हे रास्तच. पण ज्याचा हात कापडावर पहिल्यांदा पडतो त्यानेच हा चौथा प्रश्नही विचारायला हवा, एवढा या पुस्तकाचा आग्रह आहे.

हा प्रश्न नवा मुळीच नाही. इटलीच्या निकोला साब्बातिनीने १६३८ साली रंगमंचाच्या यंत्रांवर लिहिताना देखाव्याच्या कापडावरच्या रंगात माती आणि जिप्सम मिसळायला सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये ओबाडाया वाइल्डला १७३५ साली याच कामाच्या मिश्रणाचं पेटंट मिळालं. त्यातली नावं आपल्याकडच्या किराणावाल्यालाही ओळखीची वाटतील: तुरटी, टाकणखार, हिराकस. पुढे अठराव्या लुईने पॅरिसच्या थिएटरांतल्या आगींवर उपाय शोधायचं काम गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाकडे दिलं. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं ताग आणि लिननवर चांगली चालतात, असं त्याने १८२१मध्ये दाखवून दिलं. आज बाजारात कॅनमधून मिळणारी बरीचशी द्रावणं याच घराण्यातली आहेत.

ही द्रावणं नेमकं काय करतात, ते एकदा नीट समजून घेतलं की अर्धी फसवणूक टळते. सुती कापड पेटतं तेव्हा खरं तर कापड जळत नसतं. उष्णतेने धाग्यातला सेल्युलोज फुटतो, त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. त्या ज्वाळेची धग शेजारच्या धाग्याला फोडते आणि आग चालू लागते. फॉस्फेटचा क्षार धाग्यात मुरलेला असला की हे फुटणं वेगळ्या वाटेने जातं: वायू कमी, पाणी आणि कोळसा जास्त. टाकणखार आणि बोरिक आम्ल वितळून धाग्यावर काचेसारखा पातळ थर धरतात. दोन्हींचा परिणाम एकच. काडी लावली तिथे कापड काळं पडतं, भोक पडतं, पण काडी बाजूला घेतल्यावर आग पुढे चालत नाही.

म्हणजे ते जळत नाही असं नाही. मराठीत ‘अग्निरोधक’ हा शब्द फार सैल वापरला जातो, आणि शिकागोच्या जाहिरातीतला खोटेपणा त्या शब्दातही थोडा आहे. मोठ्या आगीत प्रक्रिया केलेलं कापडही जातंच. ‘ज्वालारोधी’ हा शब्द जड असला तरी जास्त प्रामाणिक आहे. अशा कापडाने मिळतो तो वेळ, आणि तोही मिनिटांत मोजायचा. त्या मिनिटांत पडदा खाली येतो, दिवे लागतात, दारं उघडतात, माणसं निघतात. यातलं काहीच झालं नाही, तर उत्तम कापडही ती मिनिटं वाया जाताना पाहत राहतं.

आणि तरीही कलावंत त्याला नाक का मुरडतात? याचं उत्तर एमा लिव्हरी या मुलीच्या आयुष्यात आहे. पॅरिस ऑपेराची ही नर्तिका अवघी वीस वर्षांची होती. त्या काळात ‘कार्तरों’च्या पद्धतीने बॅलेचे वेश क्षारात बुडवून काढण्याची सोय होती, ऑपेराचा तसा आग्रहही होता. पण त्या प्रक्रियेने मलमल कडक होई, तिचा पांढरेपणा मळकट दिसे. एमाने व्यवस्थापनाला पत्र लिहून कळवलं की ती नेहमीच्याच घागऱ्यात नाचेल आणि जे होईल त्याची जबाबदारी तिची. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी बसण्याआधी तिने घागऱ्याचा घेर झटकून फुलवला. जवळच गॅसचा दिवा होता. पेटलेली मुलगी रंगमंचावरून धावत सुटली. पुढचे आठ महिने ती भाजलेल्या अंगाने जगली आणि जुलै १८६३मध्ये गेली. त्या दुखण्यातही, बरी झाले तरी तो कुरूप घागरा घालणार नाही, असं ती म्हणाल्याचं सांगतात.

तिला हट्टी म्हणणं सोपं आहे. पण तिची तक्रार खरी होती. क्षाराने कापड कडक होतं, रंग बदलतो, कधी पांढरी पूड वर येते. जे नेपथ्यकार आणि वेशभूषाकार आजही ‘फवारणीने मखमलीची झळाळी जाते’ म्हणून कुरकुरतात, त्यांच्याकडे रसायनवाल्यांनी दुर्लक्ष केलं तर प्रक्रिया कागदावरच राहते. गेल्या काही दशकांत या तक्रारीला उत्तर मिळालं आहे. ट्रेव्हिरा सीएससारख्या पॉलिस्टरमध्ये फॉस्फरसचा अंश धागा बनतानाच रेणूत गुंफलेला असतो. असं कापड धुतलं तरी गुण जात नाही आणि हाताला साधंच लागतं. मोडॅक्रिलिकचंही तसंच. लोकर तर मुळातच आळशीपणे जळते, म्हणून इंग्लंडच्या थिएटरांत काळे पडदे पूर्वापार लोकरी सर्जचे. किंमत जास्त पडते, हे खरं. मुंबईच्या एखाद्या व्यावसायिक निर्मात्याला ती परवडेलही. एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्या कॉलेजच्या पोरांना परवडणार नाही, आणि या पुस्तकाचे खरे वाचक तीच पोरं आहेत.

त्यांच्यासाठी टाकणखार सात भाग आणि बोरिक आम्ल तीन भाग ही जुनी जोडी अजून उपयोगी आहे. पाण्यात विरघळवायची, सुती कापड किंवा गोणपाट त्यात चिंब भिजवायचं, सुकवायचं. पण तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या. हे मिश्रण पाण्यात विरघळतं, म्हणून कापड एकदा धुतलं की सगळं गटारात गेलं. दुसरं, ते सुतावर चालतं. पॉलिस्टर, नायलॉनच्या जाळीवर नाही. तिसरं, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात क्षार हवेतलं पाणी ओढतात. पडदा दमट लागतो, डाग पडतात, कड्या गंजतात, आणि दोन पावसाळे काढलेल्या पडद्यात मूळ क्षार किती उरला, ते नुसतं पाहून कळत नाही.

मराठी रंगभूमीचा आगीशी जुना घरोबा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा उजेड तेलाचा होता. पौराणिक नाटकांत राक्षस यायचा तो पलित्यावर राळेची पूड फेकून उठवलेल्या भडक्यातून. ‘राळ उडवणं’ आज नुसता वाक्प्रचार उरला आहे. तेव्हा तो प्रकाशयोजनेचा आणि स्पेशल इफेक्टचा एकत्रित खर्च होता. पुढे संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात राजवाडे, उपवनं, देवळं रंगवलेले पडदे आले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकमंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची वाहवा झाली. कापडावर रंगाचे थर आणि समोर उघडी ज्योत. आज एलईडीच्या काळातही प्रयोगापूर्वी नटराजाची पूजा होते आणि उदबत्ती, निरांजन विंगेतच एखाद्या स्टुलावर तेवत राहतं. पूजा थांबवा असं कोणी म्हणणार नाही. स्टूल झालरीपासून चार हात लांब असावं, एवढंच.

कोल्हापूरचं नाव निघालं की एक जखम उघडी पडते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छत गेलं. त्या वेळी प्रयोग चालू नव्हता, म्हणून जीवितहानी झाली नाही. रस्त्यावर उभं राहून ज्वाळा पाहणारे कलावंत आणि रसिक रडत होते. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं काम शासनाने हाती घेतलं आहे. हेरिटेज वास्तूचं जुनं रूप परत आणण्याची चर्चा जेवढी होते, तेवढीच नव्या पडद्यांच्या कापडाबद्दल व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

माणसांनी भरलेल्या जागी काय होऊ शकतं, त्याची चुणूक मुंबईने १४ फेब्रुवारी २०१६ रोजी पाहिली. गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातली ‘महाराष्ट्र रजनी’ रंगात आली होती. मंचावर लावणी चालू असताना खालून ज्वाळा दिसू लागल्या आणि थोड्याच वेळात अख्खा मंच पेटला. समोर राज्यपाल, मुख्यमंत्री, सिनेसृष्टी असे सगळे. कोणालाही इजा झाली नाही, कारण प्रेक्षक उघड्या वाळूवर बसले होते आणि बाहेर पडायला दार शोधावं लागलं नाही.

हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी तसं नशीब नव्हतं. शाळेचं स्नेहसंमेलन, वर सिंथेटिक कापडाचा मंडप. मंडप पेटला आणि वितळलेलं जळतं कापड थेंबाथेंबाने मुलांच्या अंगावर पडलं. ४४२ मृत्यू. त्याआधी १९८९च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटवर ६२ जण गेले होते. दिल्लीच्या उपहार सिनेमात १९९७ साली ५९ जण मेले. तिथे आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची होती आणि बाल्कनीतल्यांना मारलं धुराने. खुर्च्या वाढवण्यासाठी तिथली बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. कापडाबद्दलच्या पुस्तकात उपहारचं नाव मुद्दाम घेतलं आहे. नुसतं कापड सुधारून काम भागलं असं समजणाऱ्याने ते विसरू नये.

डबवालीतला तो जळता थेंब हा आजचा धोका आहे. सुती कापडाला ज्वाळा खात जाते, पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून टपकतात आणि टपकताना आग खाली नेतात. थर्माकोल तर दोन्ही करतं, वर काळा धूर. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली ती पर्यावरणासाठी; आगीच्या दृष्टीने ती आणखी वीस वर्षं आधी आली असती तरी चाललं असतं. मखमलीची अडचण वेगळी: तिच्या उभ्या लवेवरून आग सरसर पळते. आणि धूळ! वर्षानुवर्षं न झटकलेल्या झालरीवरची धूळ स्वतःच जळण असते, खाली कितीही चांगलं कापड असो.

यावर नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे आणि तो इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर जबाबदारी टाकतो. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आहे, मंडपांसाठी आयएस ८७५८ आहे, पडद्यांच्या कापडासाठी आयएस १५७४१ आहे. परदेशी कापडावर अमेरिकेचा एनएफपीए ७०१ किंवा ब्रिटनचा बीएस ५८६७ असा उल्लेख असतो. गोची वेगळ्याच ठिकाणी आहे. मराठी नाटक ज्या पद्धतीने चालतं, त्यात नाट्यगृह महापालिकेचं, दर्शनी पडदा त्यांचा. सेट निर्मात्याचा, टेम्पोतून आलेला. दिवे कंत्राटदाराचे, भाड्याचे. कपडेपट आणखी कोणाचा. सकाळी ठाण्याला, रात्री पुण्याला. हजार वॉटचा पार कॅन कोणाच्या तरी झालरीला टेकलेला असतो, तेव्हा दिवा एकाचा, झालर दुसऱ्याची आणि घाई तिसऱ्याची असते. दाखला इमारतीला मिळतो. टेम्पोतून उतरलेल्या सेटला कोण विचारतो?

बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेराची गोष्ट या घाईवाल्यांना सांगण्यासारखी आहे. ३१ जानेवारी १९९४ रोजी तिथे सुरक्षा-पडद्याच्या दुरुस्तीचं वेल्डिंग चालू होतं. त्या ठिणग्या कापडी पडद्यावर पडल्या आणि ऑपेरा हाऊस जळून गेलं. उभारायला १९९९ उजाडलं. आग रोखणारी वस्तू नीट करतानाच आग लागली. रंगमंचावर प्रयोगाइतकाच दुरुस्तीचा आणि सेट लावण्याचा वेळ जोखमीचा असतो.

म्हणून या पुस्तकात दाखल्यांची प्रकरणं शेवटी ठेवली आहेत आणि हाताने करायच्या गोष्टी आधी. पहिल्या प्रकरणात कापडाची साधी चाचणी आहे. शिवणीच्या आतून, कोणाला दिसणार नाही अशा जागेवरून अर्धा इंच रुंद, चार इंच लांब पट्टी कापायची, चिमट्यात उभी धरायची आणि खालच्या टोकाला बारा सेकंद ज्योत लावायची. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत पट्टी विझली पाहिजे आणि जळता थेंब खाली पडता कामा नये. प्रयोगशाळेच्या परीक्षेची जागा ही चाचणी घेत नाही. पण ज्या पडद्याचा दाखला चार वर्षांपूर्वीचा आहे आणि जो मध्ये दोनदा धुतला गेला, त्याच्याबद्दल ती दाखल्यापेक्षा खरं बोलते. फवारा मारलेल्या फ्लॅटवर नंतर कोणी ऑइलपेंटचा हात दिला असेल, तर तेही तिथेच उघड होतं.

हे प्रकरण वाचताना वाचकाने जवळ कात्री, काडेपेटी, चिमटा आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन बसावं. चाचणी रंगमंचावर किंवा विंगेत करू नये. नाट्यगृहाच्या मागच्या आवारात, वारा नसताना करावी, आणि पट्टी कापण्याआधी पडदा ज्याचा आहे त्याला विचारावं.